स्तूप : काय सापडलं आणि कुठे सापडलं?



आजचा पाठ एका विटेच्या तुकड्यापासून सुरू करते.

मागच्या हिवाळ्यात पाचवीच्या मुलांना घेऊन आम्ही नालासोपाऱ्याचा स्तूप पाहायला गेलो होतो. मुलांनी स्तूपाभोवती फेरी मारली, झाडाखाली बसून डबे खाल्ले आणि संध्याकाळी सगळे घरी परतलो. दुसऱ्या दिवशी एका मुलानं दप्तरातून कागदात गुंडाळलेला विटेचा तुकडा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाला, "बाई, हा स्तूपाचा तुकडा. आपल्या वर्गात ठेवू या."

त्याचा चेहरा इतका खुलला होता की रागवायचं कसं, हेच मला सुचेना. खरं सांगायचं तर चूक त्याची नव्हती. निघण्याआधी मी मुलांना रांगेत चालायला सांगितलं, पाण्याची बाटली घ्यायला सांगितलं, पण तिथलं काही उचलायचं नाही आणि का उचलायचं नाही, हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

मी विचारलं, "कुठून उचललास?"

तो म्हणाला, "तिकडे पडलं होतं. डाव्या बाजूला... नाही बाई, मागच्या बाजूला." मग जरा थांबून म्हणाला, "आठवत नाही."

वाचकहो, आजचा सगळा पाठ या "आठवत नाही" मध्ये आहे. तो नीट समजावा म्हणून आपण दोन स्तूप पाहू. एक आपल्या पालघर जिल्ह्यातला सोपाऱ्याचा, दुसरा मध्य प्रदेशातला सांचीचा.

स्तूप म्हणजे काय?

स्तूप म्हणजे मुळात मातीचा, विटांचा किंवा दगडांचा घुमटासारखा उंचवटा. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या अस्थींवर असे स्तूप उभारले गेले, अशी परंपरा आहे. परंपरेनं स्तूपांचे तीन प्रकार सांगितले आहेत. शरीराचे अवशेष ज्यात ठेवले तो शारीरिक. भिक्षापात्र, वस्त्र अशा वापरातल्या वस्तू ठेवल्या तो पारिभोगिक. आणि एखाद्या घटनेच्या किंवा व्यक्तीच्या स्मरणासाठी बांधला तो उद्देशिक.

मुलांना स्तूपाचे भाग असे सांगावेत. खालचा गोल चौथरा म्हणजे मेधी. त्यावरचा अर्धगोल घुमट म्हणजे अंड. घुमटावरचा चौकोनी कठडा म्हणजे हर्मिका. तिच्यातून वर गेलेली काठी म्हणजे यष्टी आणि त्यावर छत्र. स्तूपाभोवती फिरण्याची वाट म्हणजे प्रदक्षिणापथ. त्या वाटेभोवतीचा कठडा म्हणजे वेदिका आणि वेदिकेतलं प्रवेशद्वार म्हणजे तोरण.

इथे मुलांचा एक गोंधळ होतो. कार्ला, भाजे इथल्या लेण्यांत त्यांनी स्तूप पाहिलेला असतो. तो डोंगराच्या खडकात कोरलेला, म्हणजे आतून सगळा एकसंध दगड. सोपारा आणि सांचीचे स्तूप मात्र बांधलेले आहेत. बांधलेल्या स्तूपाच्या पोटात वस्तू ठेवलेल्या असू शकतात. तो मोडतो, दुरुस्त होतो, पुन्हा वाढवला जातो. म्हणून त्याच्या पोटात इतिहासाचे थर साठत जातात, आणि म्हणूनच तो पुरातत्त्वाचा विषय होतो.

सोपारा : पेटीच्या आत पेटी

आजचं नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक. प्राचीन काळी हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. इथेच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आहे. या गावात विटा-मातीचा एक मोठा उंचवटा होता. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. हा स्तूप असेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उंचवटा खणला. भगवानलाल मूळचे जुनागढचे. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासोबत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. जुने शिलालेख आणि नाणी वाचण्यात त्यांचा हातखंडा होता.

उंचवट्याच्या मध्यभागी त्यांना विटांची एक बंदिस्त जागा मिळाली आणि तिच्यात दगडाची मोठी गोल पेटी. पेटीत मधोमध तांब्याचा करंडक होता. त्याच्या भोवती ब्राँझच्या आठ बैठ्या मूर्ती मांडलेल्या होत्या. सात बुद्धांच्या आणि एक पुढे होणाऱ्या मैत्रेय बुद्धाची. तांब्याच्या करंडकात चांदीचा करंडक, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि त्यात सोन्याचा! सोन्याची फुलंही होती. सगळ्यात आतल्या सोन्याच्या करंडकात काय होतं, असं मी मुलांना विचारते तेव्हा कुणी हिरा म्हणतं, कुणी माणिक. आत होते मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे.

वर्गात एकदम शांतता पसरते. सोन्यात माती कशाला ठेवली? कारण ठेवणाऱ्यांसाठी ती माती सोन्याहून मोठी होती. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे आहेत अशी त्यांची श्रद्धा असावी, असं भगवानलालांचं म्हणणं होतं. विचार करा, खजिन्यासाठी खणणाऱ्या माणसाच्या हाती ही पेटी लागली असती तर काय झालं असतं? सोनं वितळलं असतं आणि ते तेरा तुकडे त्यानं तिथेच फेकून दिले असते.

पण खरी गंमत पुढे आहे. त्याच ठेव्यात चांदीचं एक नाणं होतं, यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं. हा राजा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. आठ मूर्तींच्या घडणीवरून अभ्यासक त्यांना आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या मानतात. म्हणजे एकाच पेटीत सुमारे सहाशे वर्षांच्या अंतराच्या वस्तू!

हे कसं झालं असेल? नाणं जुनं असलं तरी मूर्ती नंतरच्या आहेत. तेव्हा ही पेटी शेवटची बंद झाली ती मूर्ती घडल्यानंतरच. जुना ठेवा पुढच्या काळात कुणीतरी उघडला असावा, त्याला वंदन करून भोवती मूर्ती मांडल्या असाव्यात आणि पेटी पुन्हा बंद केली असावी. म्हणजे या गावात बौद्ध परंपरा शतकानुशतकं जिवंत होती, याचा हा पुरावा आहे.

आता लक्षात घ्या, हा पुरावा नाण्यातही नाही आणि मूर्तीतही नाही. तो आहे त्या दोन्ही वस्तू *एकाच पेटीत होत्या* या गोष्टीत. नाणं एका दुकानात आणि मूर्ती दुसऱ्या दुकानात विकायला आल्या असत्या, तर दोन्ही सुंदरच दिसल्या असत्या, पण ही गोष्ट कुणालाही कधीच कळली नसती. भगवानलालांनी कोणती वस्तू कशात होती आणि कशाच्या भोवती होती, ते लिहून ठेवलं आणि छापलं. म्हणून आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही आपण त्यावर विचार करू शकतो.

सांची : आधी खड्डा, मग अभ्यास

आता सांचीला जाऊ. विदिशा शहराजवळच्या टेकडीवर हा मोठा स्तूप आहे. व्यास सुमारे साडेछत्तीस मीटर, उंची सुमारे साडेसोळा मीटर. १९८९ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे.

१८१८ साली जनरल टेलर या इंग्रज अधिकाऱ्यानं तो पाहिला तेव्हा चारपैकी तीन तोरणं उभी होती आणि घुमटही शाबूत होता. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षं ऊन-पाऊस झेलूनही तो टिकला होता. पण चारच वर्षांनी, १८२२ मध्ये, कॅप्टन जॉन्सन या अधिकाऱ्यानं आत काय आहे ते पाहण्यासाठी मोठा स्तूप एका बाजूनं वरपासून खालपर्यंत फोडला. ते भगदाड तसंच राहिलं. पावसाळ्यामागून पावसाळे गेले, विटा-दगड ढासळत राहिले आणि पश्चिमेचं तोरण कठड्याच्या काही भागासह कोसळलं. जे दोन हजार वर्षांत झालं नाही, ते एका माणसाच्या घाईमुळे झालं.

१८५१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम आणि मेसी यांनी इथले स्तूप उघडले. मोठ्या स्तूपाच्या मधोमध त्यांना काहीच मिळालं नाही. शेजारच्या तिसऱ्या स्तूपात मात्र बुद्धांचे पट्टशिष्य सारिपुत्र आणि मोग्गल्लान यांच्या अस्थी मिळाल्या. त्या पुढे इंग्लंडला गेल्या. स्वातंत्र्यानंतर त्या परत आल्या आणि १९५२ साली सांचीच्या नव्या विहारात ठेवल्या गेल्या.

पडलेली तोरणं १८८१ ते १८८३ या काळात मेजर कोल यांनी पुन्हा उभी केली आणि ते भगदाडही बुजवलं. मग १९१२ ते १९१९ या काळात पुरातत्त्व विभागाचे महासंचालक जॉन मार्शल यांनी इथे पद्धतशीर काम केलं. या कामाला भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम यांनी पैसा पुरवला.

मार्शल यांनी खजिना शोधला नाही. त्यांनी जमीन वाचली. ती कशी, ते पाहा.

मोठ्या स्तूपाच्या दगडी आवरणाच्या आत विटांचा एक लहान स्तूप आहे, आजच्या जवळपास निम्म्या व्यासाचा. तो कुणी बांधला? त्यावर नाव नाही. पण दक्षिण तोरणाजवळ अशोकाचा स्तंभ आहे आणि त्यावर अशोकाचा लेख आहे. मार्शल यांनी स्तंभाभोवतीची जमीन उतरत उतरत खणली. आज आपण ज्या दगडी फरशीवरून चालतो तिच्या काही फूट खाली जुनी जमीन लागली. स्तंभ उभारला तेव्हाची जमीन ती. आणि विटांच्या स्तूपाचा पायाही त्याच जमिनीच्या पातळीला होता! म्हणजे स्तंभ आणि विटांचा स्तूप एकाच काळचे, अशोकाचे. दगडी आवरण नंतरचं, शुंग काळातलं. तोरणं त्याही नंतरची.

स्तूपावर कोणताही लेख नसतानाही, स्तंभावरचा लेख आणि मातीची पातळी यांच्यावरून हे कळलं. घाईघाईनं खणून ती माती उपसून टाकली असती, तर हे उत्तरही तिच्याबरोबर गेलं असतं.

या स्तंभाची आणखी एक हकिकत मुलांना जरूर सांगा. तो आज मोडलेला आहे. स्थानिक जमीनदारानं उसाच्या चरकासाठी वापरायला तो तोडला, असं मार्शल यांनी नोंदवलं आहे. अशोकाचा स्तंभ, आणि ऊस गाळायला!

सांचीचं आपल्या मातीशीही नातं आहे. दक्षिण तोरणावर लेख आहे की हे दान राजा सिरि सातकणि याच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचं आहे. सातकर्णी म्हणजे सातवाहन, ज्यांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. त्याच तोरणावर विदिशाच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांनी हे कोरीवकाम केल्याचाही लेख आहे. हस्तिदंतावरची नाजूक कला दगडावर आली, ती अशी.

दोन अक्षरांची किल्ली

सांचीच्या कठड्यांवर शेकडो छोटे लेख आहेत. एकेकाळी ते कुणालाच वाचता येत नव्हते. जेम्स प्रिन्सेप या अभ्यासकाकडे त्यांचे ठसे पोहोचले. त्याच्या लक्षात आलं की बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरं आहेत. त्यानं विचार केला, इतके लोक एकाच पवित्र जागी, वेगवेगळ्या दगडांवर, शेवटी एकच शब्द का लिहितील? आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर, फरश्यांवर आपण काय वाचतो? "अमुक अमुक यांच्याकडून." मग हा शब्द "दानं" असावा! १८३७ साली या दोन अक्षरांच्या आधारे ब्राह्मी लिपी उलगडली आणि अशोकाचे लेख बोलू लागले.

लेख वाचल्यावर कळलं की हा स्तूप एकट्या राजानं बांधलेला नाही. भिक्षू, भिक्षुणी, व्यापारी, कारागीर, गृहिणी, गावोगावच्या साध्या माणसांनी एकेक दगड दिला आहे. दान देणाऱ्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे. इथेही तीच गोष्ट. शेकडो दगड एकाच जागी होते, म्हणून शेवटची दोन अक्षरं सारखी आहेत हे दिसलं. एकेक दगड एकेकानं घरी नेला असता, तर ही किल्ली हाती लागायला किती काळ गेला असता कोण जाणे!

असं प्रत्यक्षात घडलंही आहे. आंध्र प्रदेशातल्या अमरावतीचा स्तूप कर्नल मॅकेंझी यांनी १७९७ मध्ये प्रथम पाहिला तेव्हा तिथले दगड काढून नेणं चालू होतं. काही शिल्पं बांधकामात गेली. काही चक्क भट्टीत भाजून त्यांचा चुना केला गेला. उरलेली शिल्पं आज चेन्नई आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. मूळ जागी राहिलं ते थोडंच.

कायदा काय सांगतो?

आपल्याकडे गुप्तधनाच्या गोष्टी आवडीनं ऐकल्या जातात. एखादा उंचवटा दिसला की "खाली हंडा आहे" असं कुणीतरी म्हणतंच. म्हणून मुलांना, आणि पालकसभेत पालकांनाही, हे जरूर सांगा:

१) १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायद्यानुसार संरक्षित जागी परवानगीशिवाय खणता येत नाही. स्मारकाची नासधूस करणं हा गुन्हा आहे.

२) २०१० च्या सुधारणेनुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते.

३) १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

४) संविधानाच्या कलम ५१क मध्ये वारशाचं जतन हे आपलं मूलभूत कर्तव्य सांगितलं आहे.

वर्गात घ्यायचा उपक्रम

दोन जुनी घमेली घ्या. दोन्हींत तळाशी वाळू, त्यावर लाल माती, त्यावर विटांचा चुरा असे तीन थर द्या. प्रत्येक थरात एक-दोन नाणी, मणी, खापरीचे तुकडे ठेवा. नाणी वेगवेगळ्या सालांची असू द्या.

पहिल्या गटाला फक्त "वस्तू शोधा" सांगा. दुसऱ्या गटाला चमचा, ब्रश आणि वही द्या. त्यांनी एक थर काढायचा, वहीत लिहायचं, मगच पुढचा थर.

माझ्या वर्गात पहिल्या गटानं पाच मिनिटांत सगळ्या वस्तू काढल्या आणि "आम्ही जिंकलो" म्हणून ओरडा केला. दुसऱ्या गटाला अर्धा तास लागला. मग मी दोन्ही गटांना विचारलं, "सगळ्यात आधी कोणतं नाणं ठेवलं होतं? लाल मातीचा थर कधी टाकला असेल?" पहिल्या गटानं सगळ्या वस्तू एकत्र करून ठेवल्या होत्या. त्यांना काहीच सांगता येईना. दुसऱ्या गटातली एक मुलगी वही बघून म्हणाली, "बाई, लाल मातीत २०११ चं नाणं आहे. म्हणजे तो थर २०११ च्या आधीचा असूच शकत नाही." सोपाऱ्याच्या पेटीबद्दल अभ्यासक करतात तोच विचार पाचवीच्या मुलीनं केला होता.

शेवटी त्या तुकड्याचं काय झालं?

पुढच्या रविवारी मी त्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना घेऊन पुन्हा सोपाऱ्याला गेले. तुकडा परत ठेवायचा, असं त्यानं ठरवलं होतं. तो स्तूपाभोवती दोनदा फिरला. चार ठिकाणी थांबला. पण जागा काही सापडली नाही. शेवटी आम्ही तो तुकडा तिथल्या पहारेकऱ्यांच्या हवाली केला.

परतताना तो गप्प होता. मग म्हणाला, "बाई, तुकडा परत दिला, पण त्याची जागा हरवली ना?"

मी म्हटलं, "हो."

खोटं सांगून त्याची समजूत काढावीशी वाटली होती. पण काढली नाही. तो एक तुकडा होता. त्यानं स्तूपाचा इतिहास बदलणार नव्हता. पण दरवर्षी सहली येतात, प्रत्येक सहलीत पन्नास मुलं असतात. प्रत्येकानं एकेक तुकडा नेला तर काय होईल, हा हिशेब त्यानं स्वतःच घातला. यंदाच्या सहलीआधी वर्गासमोर उभं राहून सूचना द्यायचं काम मी त्यालाच दिलं. त्यानं एकच सूचना दिली: "डोळ्यांनी बघा, वहीत काढा, हात लावू नका. आणि कुणाला काही वेगळं दिसलं तर तिथेच ठेवून बाईंना बोलवा."

मी दिलेल्या सगळ्या सूचनांपेक्षा ती चांगली होती.

स्वाध्याय

१) लेण्यातला स्तूप आणि बांधलेला स्तूप यांत काय फरक आहे?
२) सोपाऱ्याच्या पेटीतलं नाणं आणि मूर्ती वेगवेगळ्या काळातल्या आहेत. यावरून काय अनुमान निघतं?
३) सांचीतला विटांचा स्तूप अशोकाच्या काळातला, हे कशावरून ठरलं?
४) "दानं" हा शब्द कसा ओळखता आला, ते तुमच्या शब्दांत लिहा.
५) तुमच्या गावातला एखादा जुना उंचवटा, बारव, शिलालेख किंवा वीरगळ पाहा. हात न लावता त्याचं चित्र काढा. तो नेमका कुठे आहे, कोणत्या दिशेला तोंड आहे, शेजारी काय आहे, हे लिहा. आजी-आजोबा त्याबद्दल काय सांगतात, तेही लिहा.

पाचव्या प्रश्नाच्या वह्या जपून ठेवा, मित्रांनो. उद्या ती वस्तू जागेवरून हलली, तर ती कुठे होती हे सांगणारी नोंद कदाचित तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या वहीतच असेल.